गिरणी एक, पाण्याचे हंडे दोन

गेल्या महिन्यात आम्ही चाळीतल्या अकरा जणांना घेऊन नाटक बघायला गेलो. नाटक होतं जयंत पवारांचं 'अधांतर'. व्यावसायिक रंगभूमीवरचं नाही. उपनगरातल्या सात-आठ पोरापोरींनी एकत्र येऊन, आपापसात वर्गणी काढून बसवलेलं. निर्माता नाही, जाहिरात नाही, मोठं नाट्यगृह नाही. एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, सत्तर-ऐंशी खुर्च्या, तिकिटाऐवजी दारात ठेवलेला डबा. त्यात ज्याने त्याने जमेल तेवढं टाकायचं. त्यातला एक पोरगा दिवसभर पार्सलं पोचवतो आणि रात्री तालमीला येतो, हे आम्हाला नंतर कळलं. अशा पोरांबद्दल आम्हाला आदर आहे. पुढे जे लिहिणार आहोत ते या आदरासकट वाचावं.

आमच्या अकरा जणांत दोन माणसं महत्त्वाची. एक आजोबा, वय शहात्तर, रिंग खात्यातले जुने गिरणी कामगार. दुसऱ्या मावशी, ज्यांनी नवरा संपावर असताना आणि त्याच्या आधीही घरात खानावळ चालवली. दोघांनीही आयुष्यात नाट्यगृहात बसून नाटक बघितलेलं नव्हतं. जलसे बघितले, भीमगीतांचे सामने रात्र रात्र ऐकले, पण खुर्चीवर बसून, दिवे मालवून, गप्प राहून बघायचं नाटक कधी नाही. आजोबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि त्यांच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी होती. त्या पिशवीबद्दल नंतर सांगतो.

'अधांतर' १९९७ साली रंगमंचावर आलं. गिरणगावातल्या चाळीतलं धुरी कुटुंब. बाप गेलेला, आई घर ओढते आहे. एक मुलगा लेखक व्हायला निघालेला, एक क्रिकेटमध्ये बुडालेला, एक गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला, आणि एक मुलगी. बाहेर गिरण्या बंद पडताहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, ज्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि जो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, त्या संपाने एकेका घराचं काय केलं ते हे नाटक एका खोलीत दाखवतं. गिरणगावातच वाढलेल्या माणसाने लिहिलेलं आहे. त्यामुळे त्यातली मोरी खरी आहे, भांडणं खरी आहेत, आईची चिडचिड खरी आहे.

पोरांनी काम चांगलं केलं. आई झालेली मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल, पण तिने पदर कमरेला खोचून स्टोव्हला पंप मारला आणि मावशी आमच्या कानात म्हणाल्या, "अगदी अशीच मी." दुसऱ्या अंकात त्या रडत होत्या. आजोबा मात्र सरळ बसून होते. डोळ्यात पाणी नाही, चेहऱ्यावर काही नाही.

प्रयोगानंतर चर्चा ठेवली होती. प्रेक्षकांतले काही लोक बोलले. कोणी म्हणालं, गिरणी कामगारांच्या जिद्दीला सलाम. कोणी म्हणालं, हा माणूस किती चिवट, इतकं सोसूनही उभा राहतो. टाळ्या पडल्या. मग आजोबांनी हात वर केला. आम्हाला धक्काच बसला, कारण हा माणूस वस्तीच्या बैठकीतसुद्धा बोलत नाही.

ते उठून म्हणाले, "नाटक चांगलं केलंत बाळांनो. मी रिंगला होतो. माझा बाप पण रिंगलाच होता. बापाच्या वेळेला आमच्या लोकांना लूमवर घ्यायचे नाहीत. खात्यात पाण्याचे हंडे दोन असायचे. संप झाला तेव्हा सगळे म्हणले गावाला जा, चार महिने काढा. ज्यांची शेती होती ते गेले. आम्ही कुठं जाणार? आमच्या गावाला आमचा वाडा होता, जमीन नव्हती. मी मशीद बंदरला हमाली केली. तर मला विचारायचं होतं, या घरातले लोक कोणत्या खात्यातले?"

हॉल शांत झाला. मग दिग्दर्शक पोरगा म्हणाला, "आजोबा, आमच्या नाटकात सगळे फक्त कामगार आहेत. आम्ही त्यांच्याकडे जात म्हणून बघत नाही." त्यालाही टाळ्या पडल्या. आजोबा खाली बसले.

त्या टाळ्या आम्हाला लागल्या. त्यांच्याबद्दलच हा लेख आहे.

आजोबांनी जे चार वाक्यांत सांगितलं त्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार मोठ्या संख्येने होते, पण ते मुख्यतः सूतकताईच्या खात्यात, रिंगवर. विणकाम खात्यात त्यांना शिरकाव नव्हता, आणि विणकाम खात्यात पगार जास्त होता. कारण काय दिलं जायचं? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचं तोंड लागलं त्याला आम्ही तोंड कसं लावायचं, हा सवर्ण कामगारांचा सवाल. म्हणजे मालकाने वेगळा नियम करायची गरजच नव्हती. त्यात भरती जॉबरच्या हातात. जॉबर आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्या जातीतले लोक आणायचा. यंत्र विलायतेहून आलं, पण यंत्रावर कोण उभं राहणार हे गावकीने ठरवलं.

१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. सगळ्या खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी तुमच्या संपात का राहावं? पुढाऱ्यांनी नाखुशीने ती मागणी घेतली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. हे उत्तर आम्हाला फार बोलकं वाटतं. कामगारांच्या बाजूने बोलणारे आणि मालक, दोघांनाही जातीचा प्रश्न दुसऱ्याच्या दारात ढकलायचा होता. आज नव्वदपेक्षा जास्त वर्षांनी एका शाळेच्या हॉलमध्ये तेच घडलं. फरक इतकाच की या वेळी ढकलणारा पोरगा मनाने चांगला होता.

याचा अर्थ बाबासाहेब कामगार एकजुटीच्या विरोधात होते असा कोणी काढत असेल तर त्याने १९३८ बघावं. फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू एका दमात सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत संप केला. बाबासाहेब कामगारांसोबत रस्त्यावर होते. एकजूट त्यांना हवीच होती. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जात ही कामगारांमधलीच फाळणी आहे, ती मिटवल्याशिवाय एकजूट टिकत नाही. ती झाकली म्हणजे मिटली, असं समजणं ही स्वतःची फसवणूक आहे.

टिकत नाही याचा पुरावा आम्हाला पुस्तकात शोधावा लागत नाही. वरळीच्या बीडीडी चाळी बघा. मुंबईत वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ बीडीडी चाळी, १६० चौरस फुटांच्या खोल्या. एकाच गिरणीत जाणारे, एकाच भोंग्यावर उठणारे लोक त्यांत राहायचे. १९७४ च्या जानेवारीत तिथे दंगल पेटली. १० जानेवारीला दलित पँथरच्या मोर्चावर वरून दगड आला आणि भागवत जाधव शहीद झाले. मोर्चा कामगार वस्तीतून चालला होता आणि दगड कामगार वस्तीतूनच आला. आमच्या आजोबांना ते दिवस नीट आठवतात. ज्याच्याबरोबर रात्रपाळी केली त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी बघायची भीती वाटायची, असं ते सांगतात. आता या माणसाला "आमच्यासाठी सगळे फक्त कामगार" असं सांगितलं तर तो काय करेल? तो खाली बसेल. बसला.

त्या रात्री घरी आल्यावर आम्ही फोनवर एक जळजळीत पोस्ट लिहिली. प्रस्थापितांची रंगभूमी, अभिजनांची करुणा वगैरे सगळे शब्द त्यात होते. समाजशास्त्रात एम.ए. केल्याचा हा एक तोटा, राग आला की शब्द आयते मिळतात. सकाळी टाकायच्या आधी मावशींना वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "त्या पोरीने आई केली ती खोटी होती का?"

आम्ही म्हणालो, खोटी नव्हती.

"मग तिला शिव्या कशाला देता? ती आई मी होते. पण माझ्याकडे चौदा गडी जेवायचे, ते सगळे आपलेच. दुसरा कोणी माझ्या हातचं खायला आला नाही. हे तिला कोणी सांगितलं नाही, म्हणून तिला माहीत नाही. जाऊन सांगा."

आम्ही पोस्ट पुसून टाकली. मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं ते आम्हाला वर्गात दोन वर्षं कोणी इतकं स्वच्छ सांगितलं नव्हतं. गिरणगावच्या खानावळींवर बरंच लिहिलं गेलं आहे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते काम मोठंच आहे. पण कोणाच्या खानावळीत कोण जेवतं, हा प्रश्न ताटात वाढलेल्या भाजीइतका उघड होता आणि तरीही तो कथेत येत नाही. स्टोव्ह तोच, धूर तोच, उधारीची वही तीच, संपात गडी पैसे न देता गावाला निघून गेले ते दुःखही तेच. तरी पंगत वेगळी.

म्हणून आमचं भांडण जयंत पवारांशी नाही. लेखकाला जे घर आतून माहीत होतं ते त्याने लिहिलं आणि प्रामाणिकपणे लिहिलं. एका नाटकाने सगळी गिरणी सांगावी ही अपेक्षाच चुकीची. भांडण आहे ते एका घराला सगळ्या गिरणगावाचं घर मानण्याच्या सवयीशी. कामगार म्हटलं की डोळ्यापुढे एकच माणूस येतो. त्याला गाव असतं, गावाला शेती असते, देव असतो, गणपतीला जायची एसटी असते. ज्याला यातलं काहीच नव्हतं तोही त्याच साच्यात बसवला जातो. न बसलेला भाग कापला जातो आणि त्याला वर्गीय दृष्टी म्हणतात.

दुसरं भांडण त्या दोन शब्दांशी आहे. जिद्द आणि चिवटपणा. हे शब्द कोण कोणाला देतं ते बघा. गिरणी मालकाला कोणी चिवट म्हणत नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक मालकाचा, एक मोकळ्या जागांसाठी पालिकेचा, एक घरांसाठी म्हाडाचा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. गिरण्यांच्या शेड उभ्या होत्या, त्यामुळे मोकळी जमीन उरलीच किती! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल मालकांच्या बाजूने गेला. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत. मालकांना जमीन मिळाली, कामगाराला जिद्द मिळाली. ज्याच्याकडून सगळं काढून घेतलं त्याच्या सोसण्याचं कौतुक करायला काही खर्च येत नाही. आजोबांनी हमाली जिद्द म्हणून केली नाही. घरात चार तोंडं होती म्हणून केली. त्यांचा एक खांदा आजही वर जात नाही.

आता ती पिशवी.

चर्चा संपल्यावर आम्ही जिना उतरत होतो तेव्हा आजोबांना विचारलं, हातात काय आणलंय? त्यांनी पिशवी उघडली. आत गिरणीचं जुनं ओळखपत्र, तिकीट नंबर लिहिलेला कागद, ई.एस.आय.चं कार्ड, आणि घराच्या अर्जाची झेरॉक्स. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. आजोबांचा अर्ज तेव्हापासून पडून आहे. गिरणीच्या कागदावर त्यांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, कारण मधल्या काळात त्यांनी आडनाव बदललं. जुन्या आडनावातून जात कळायची म्हणून बदललं. आता सरकारी टेबलावर तोच माणूस दोन माणसं झाला आहे.

आम्ही विचारलं, "पण नाटकाला हे कशाला आणलंत?"

ते म्हणाले, "गिरणी कामगारांचा कार्यक्रम आहे म्हणालास ना? वाटलं कोणी विचारील."

कोणी विचारलं नाही. नाटकात नाही, टेबलावर नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही विचारलेलं नव्हतं. दोन चाळी सोडून राहणारा हा माणूस. आम्ही त्याच्या नातवांना संविधान शिकवतो, विहारात व्याख्यानं ठेवतो, पण त्याच्या अर्जाचं काय झालं हे आम्हाला नाटकाच्या जिन्यावर कळलं. दुसऱ्याच्या रंगभूमीवर बोट ठेवताना ही गोष्ट आम्ही लपवणार नाही.

मावशींचं ऐकून आम्ही त्या पोरांना भेटायला गेलो. दिग्दर्शक पोरगा आधी बिथरला. म्हणाला, संहिता माझी नाही, तिच्यात मी काही घालू शकत नाही. बरोबरच होतं. दुसऱ्याच्या नाटकात आपली वाक्यं घुसवावीत असं आम्हीही म्हणणार नाही. आम्ही दोनच गोष्टी मागितल्या. एक, प्रयोग आमच्या दोन चाळींच्या मधल्या पटांगणात करा. दोन, प्रयोगानंतरची चर्चा पाहुण्याने सुरू करायची नाही, आजोबांनी आणि मावशींनी करायची. पोरगा थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं का?" आम्ही म्हणालो, उत्तर चुकीचं नव्हतं, फार लवकर दिलंस.

प्रयोग झाला. वीज विहारातून घेतली. सतरंज्या टाकल्या, वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघत होते. शाळेच्या हॉलमध्ये लोक गप्प बसले होते, इथे कोणी गप्प बसेना. धुऱ्यांच्या पोरांना वरून शिव्या पडत होत्या, आईला सल्ले मिळत होते. आई झालेली मुलगी एकदा हसूच लागली, पण तिने प्रसंग सावरला. नाटक संपल्यावर आजोबा दहा मिनिटं बोलले. रिंग खातं कसं चालायचं, कापसाची धूळ, बदली कामगार म्हणून रोज सकाळी दारात उभं राहणं, बापाने सांगितलेले दोन हंडे, मशीद बंदर. मग मावशी बोलल्या. मग वरच्या गॅलरीतून एक बाई, ज्यांना आम्ही इतकी वर्षं ओळखतो, त्यांनी सांगितलं की त्यांचा नवरा संपाच्या तिसऱ्या वर्षी घरातून गेला तो परत आलाच नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं. साडेअकराला पोलीस आले तेव्हा लोक बोलतच होते.

आमच्या परंपरेत हे नवीन नाही. भीमराव कर्डकांचे जलसे असेच वाड्यांत आणि वस्त्यांत व्हायचे. वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून घडले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ साली उभं राहिलं. त्या मंचावर कलाकार आणि प्रेक्षक यांच्यात फार अंतर नव्हतं, प्रश्न मध्येच विचारता यायचा. आज स्वतंत्रपणे, खिशातले पैसे घालून नाटक करणाऱ्या पोरांना आमचं सांगणं हेच आहे. कामगारावर नाटक करा, जरूर करा. पण त्याला न विचारता त्याची जात पुसू नका. जात पुसण्याचा अधिकार ज्याला तिचा त्रास झाला त्याचा आहे. ज्याला तिचा फायदा झाला त्याने आधी ती मान्य करायची.

आणि आपल्या लोकांनाही सांगणं आहे. आपण आपल्या आजोबांना किती वेळा विचारलं, तुम्ही कोणत्या खात्यात होता? १९५६ च्या दीक्षेची गोष्ट घरोघरी सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. पण गिरणीतली गोष्ट कोणी सांगत नाही, कारण तिच्यात विजय नाही. रिंगवरची माणसं आता फार थोडी उरली आहेत. चाळी पाडून टॉवर होताहेत, खोली मोठी मिळेल, गॅलरी जाईल, वरून वाकून बोलणारी बाई दिसणार नाही. त्याच्या आत हे लिहून घ्यायला हवं.

आम्ही सुरुवात केली आहे. दर रविवारी विहारात एक माणूस बसतो आणि दोन पोरं लिहून घेतात. नाटकवाला पोरगा फोन घेऊन रेकॉर्ड करायला येतो. त्याला यातून स्वतःचं नाटक लिहायचं आहे. लिहील तेव्हा बघू, तेव्हाही प्रश्न विचारू. आजोबांच्या अर्जासाठी नाव बदलल्याचं जुनं राजपत्र शोधायचं काम चालू आहे. ते सापडलं तर टेबलावरची दोन माणसं पुन्हा एक होतील. ती पिशवी सध्या आमच्याकडे आहे. पुढच्या बुधवारी ती घेऊन आजोबांबरोबर कार्यालयात जायचं आहे. ज्यांना सोबत यायचं असेल त्यांनी सकाळी दहाला विहारापाशी यावं.

जय भीम.